ताम्हनातलं पाणी

"आधी पाण्याक इचार, बाय. मगे तेलाक."

इनासकाकांचा हा आवाज आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, रोज सकाळी उठायचा. मी सांगते आहे त्या दिवसानंतरही तो बरीच वर्षं उठत राहिला. आता काका नाहीत. पण मशीनवर ताम्हन ठेवलं की मी अजूनही जराशी थांबते, तो आवाज येऊन जाऊ देते, आणि मग पाण्याकडे बघते.

त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. घट मांडायचा होता, उपास होता, आणि यांचं डोकं दुखत होतं.

हे म्हणजे माझे यजमान, जयवंत तारी. आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. यांचा धंदा पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे, प्रवाळ दाखवायचा. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधायचा, तोंडात नळी धरायची आणि खाली उतरायचं. ते सिलिंडर आमच्याच खळ्यात भरले जात. त्यासाठी एक कॉम्प्रेसर होता, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलता येईल एवढा. त्याला सगळे नुसतं मशीन म्हणत. बाहेरची हवा ओढून, दाबून दाबून ते सिलिंडरात कोंबायचं. खाली गेलेला माणूस जो श्वास घेतो, तो आमच्या तुळशीजवळची हवा घेतो, हे मला लग्नानंतर कळलं आणि तेव्हापासून मी त्या कोपऱ्यात केर जाळणं बंद केलं.

मशीन सांभाळायचं काम इनासकाकांचं. इनास रॉड्रिग्ज, नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. यांना पाण्याखालचं सगळं त्यांनीच शिकवलं. बायको वारल्यावर ते आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत, जेवायला आमच्याकडे असत. मुलगी वसईला होती. ती बोलवायची, काका जायचे नाहीत.

सकाळी मशीन चालू करण्याआधी त्याचं तेल बघायचं, हा त्यांचा नेम. तेल कमी असलं तर मशीन जळतं. जास्त असलं तर ते आतून उडून हवेत मिसळतं, आणि ती हवा माणसाच्या छातीत जाते. म्हणून आधी मशीन सपाट आहे की नाही ते बघायचं. तिरक्या मशीनमधली तेलाची सळई खोटं सांगते. काका पहिल्यांदा हे करत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाणी भरलेलं एखादं पसरट भांडं मागितलं. मी तुळशीपाशी होते, हातात ताम्हन होतं, तेच पुढे केलं. ते मागे सरकले. म्हणाले, तुज्या देवाचा भांडा, मी हात लावूचंय नाय, तूच ठेव. तेव्हापासून मशीनच्या डोक्यावरच्या लोखंडी पट्टीवर फडकं अंथरून त्यावर ताम्हन मीच ठेवायची. काका वाकून बघत. पाणी चारी बाजूंनी काठाला सारखं लागलं की म्हणत, "बराबर," आणि मग सळईला हात घालत.

यावर हे आम्हाला चिडवायचे. हिचा देव आणि काकांचा देव, दोघांचंही झालं असेल तर मशीन चालू करू का, म्हणायचे. मी उत्तर देत नसे. देता येत नसे. उठल्यापासून तुळशीला पाणी घालून कहाणी वाचून होईपर्यंत मी बोलत नाही. एका चातुर्मासात हे मौन धरलं, ते पुढे सुटलंच नाही. काकांना त्याचं फार कौतुक. ते म्हणत, तू जमनीवरची पाणबुडी. खाली आम्हीही असेच, बोलणं नाही, नुसत्या खुणा.

त्या आठवड्यात हे रोज डोकं धरून घरी येत होते. आदल्या दिवशी बोटीतच उलटी झाली. ऊन लागलं म्हणाले, मग रात्रीच्या कालवणातल्या तिसळ्या बाधल्या म्हणाले. बरोबरचा एक पाहुणाही नळीला वास येतो असं म्हणत होता. हे त्याला म्हणाले, समुद्राला वास असतोच. मी मनात गुरुवारच्या उपासाला यांच्या डोक्याचं मागणं जोडलं आणि तुळशीला जास्तीच्या प्रदक्षिणा बोलले. दुसरं काही मला सुचलं नव्हतं.

तर त्या सकाळी मी आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून खळ्यात आले. खळं आदल्याच आठवड्यात नवीन केलेलं होतं. पावसाळा संपला की आमच्याकडे खळं उकरून, लाल माती घालून, चोपून नव्याने करतात, वर शेणाचं सारवण. त्या वर्षी यांनी आणि वाडीतल्या मंडळींनी ते केलं होतं. गुळगुळीत, पाटासारखं दिसत होतं. मशीन त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात होतं. काका स्टुलावर बसले होते, पायात वसईहून लेकीने पाठवलेले मऊ तळव्यांचे बूट. जन्मभर अनवाणी चालणारा माणूस, पण त्या पावसाळ्यात त्यांना सारख्या ठेचा लागायला लागल्या म्हणून तिने पाठवले होते.

"आधी पाण्याक इचार, बाय."

मी ताम्हन ठेवलं. पाणी थरथरून स्थिर झालं आणि मी बघतच राहिले. तुळशीकडच्या काठाला ते अगदी ओठावर आलं होतं. दुसऱ्या बाजूला तांब्याची करंगळीभर कड कोरडी होती. आधीचे काही दिवस मी बाजूला बसले होते आणि ताम्हन नव्हतंच. परक्या हातांनी ते पूजेचं भांडं हाताळू नये म्हणून काकांनीच त्या दिवसांत पाण्याचं राहू दिलं होतं, म्हणत, जागा तीच तर आहे.

काका वाकले. बघितलं. मी बोटाने ताम्हनाच्या कोरड्या कडेकडे दाखवलं.

"बराबर," काका म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांची सवयच होती. मी पुन्हा बोट दाखवलं, या वेळी काठाला जवळजवळ टेकवून. माझं बोट त्यांच्या नाकासमोर होतं. काका हसतमुखाने बघत होते, माझ्या बोटाकडे नाही, पाण्याकडेही नाही. जिथे ताम्हन असायला हवं त्या जागेकडे.

त्यांनी सळई फिरवून बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घालून शेवटपर्यंत आवळली, पुन्हा काढली. सगळं जसं शिकवत तसंच. सळईवर दोन खाचा असतात, तेल त्या दोन्हींच्या मध्ये असावं लागतं. मी कधी नीट पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. काका सळईकडे बघतच नव्हते. अंगठ्याचं नख खालच्या खाचेत अडकवून ते बोटाच्या पेराने तेल कुठवर लागतंय ते चाचपत होते.

"वाईच कमी लागता," म्हणाले आणि तेलाच्या डब्याकडे हात नेला. हात डब्याच्या अलीकडे जमिनीवर पडला, सरकत सरकत डब्याला लागला.

तेवढ्यात सगळं एकाच वेळी माझ्या ध्यानात आलं. ठेचा. बूट. बातम्या सगळ्या वाईटच असतात म्हणून बंद केलेलं वर्तमानपत्र. किनाऱ्यावर बसून मला सहज विचारणं, ती येताहा ती कोणाची होडी गो? आणि यांचं डोकं.

तोंड उघडलं असतं तर मौन मोडलं असतं, ते मी मोडलंही असतं. पण आतून यांच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता. जे काही बोलले असते ते यांनी ऐकलं असतं. मी काकांचा हात धरला. मी सोवळ्यात होते, पूजा व्हायची होती, हे मला माहीत होतं. त्यांचं बोट मी ताम्हनात घातलं.

ते दचकले, हात मागे घेऊ लागले. मी सोडला नाही. त्यांचं बोट काठाकाठाने फिरवलं. आधी तुळशीकडे, जिथे पाणी ओठावर होतं. मग पलीकडे, जिथे नुसतं तांबं होतं.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच बोट फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "खळा नया केल्यानी. उतार दिलो." थोड्या वेळाने, "ह्या बुटांनी फसयला माका. पाय उघडे असते तर कळला असता." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "म्हणजे इतके दीस मी तेल वाढयत ऱ्हवलंय."

माझा हात अजून त्यांच्या मनगटावर होता. त्यांनी विचारलं, "जयवंताचा डोक्या ह्येनाच दुखता?"

त्यांनी मला पांढरं फडकं आणायला सांगितलं. मी देव पुसायचं धुतलेलं वस्त्र आणलं. पडवीत आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेले सिलिंडर होते. काकांनी चाचपत एकाचं तोंड शोधलं, वस्त्राचं एक टोक त्यावर धरलं, दुसरं मला धरायला दिलं आणि चावी जराशी सोडली. हवा फुसफुसली. वस्त्रावर पिवळसर, तुपकट डाग हळूहळू पसरला.

"काळोख्या पाण्यात आमी दोरयेन बोलतंव," काका म्हणाले. "एकदा ओढला की होय, दोनदा ओढला की नाय. उमटला काय गो?"

मी वस्त्र एकदा ओढलं.

हे बाहेर आले ते घाईतच. किनाऱ्यावर कोल्हापूरची मंडळी येऊन थांबली होती, बोट लावलेली होती. सिलिंडर उचलायला वाकले तर काका मध्ये उभे. आज कोणी पाण्यात जायचं नाही, म्हणाले. यांना कळेना. मशीन तिरकं बसलंय, तेल जास्त झालंय, हवा खराब आहे, काकांनी सगळं सांगितलं. यांनी वस्त्रावरचा डाग बघितला. नाकाला लावला. कपाळावर हात फिरवला.

"तेल कोणी वतल्यान?"

"मी."

"पाणी बघल्यात नाय?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलंय," एवढंच म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुळशीकडे वळले. खळ्याच्या दारात पाहुण्यांपैकी एक जण येऊन उभा राहिला होता, म्हणून हे पुढे काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन मंडळींना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण सिलिंडराशिवायच बोट निघाली. डॉल्फिन दाखवायला घेऊन गेले.

ताम्हन अजून मशीनवर होतं. मी ते उचललं आणि तेच पाणी तुळशीला घातलं. काका ऐकत होते. पाणी मुळाशी पडल्याचा आवाज झाला तसे त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

दिवा लावून, कहाणी वाचून मी बाहेर आले आणि तोंड उघडलं.

"केव्हापासून काका?"

"उजवो कधीचोच गेलो. डावो पावसात." कुडाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की जयवंत मशीनला हात लावू देणार नाही, आणि तो बरोबरच असेल. मग वसई.

"चेडू म्हणता, थंय खिडकेतसून समुद्र दिसता," काका म्हणाले. "माका काय उपेग त्येचो?"

ते हसले, मला हसता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, जयवंताला सांगशील?

मी म्हटलं, मी आपणहून सांगणार नाही. पण यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

"इचारूच्या आधी मीच सांगतलंय. आज. दिवेलागणीक." त्यांनी छातीवर क्रूस केला. "सबूद दितंय."

मग मी म्हटलं, "तोवर मला शिकवा."

दुपारपर्यंत आम्ही दोघं मशीनपाशी होतो. जुनं तेल काढून टाकलं. मशीन उचलून चिऱ्याच्या जोत्यावर घ्यायला शेजारच्या बाबल्याला हाक मारली, तेवढ्यापुरती. जोतंही जरा कललेलं होतं. काका नारळाच्या करवंटीचे तुकडे पायाखाली सारत होते, मी ताम्हन ठेवत होते. आता त्यांचं बोट पाण्यात असे आणि माझे डोळे काठावर. हयसून सुताएवढा वर, असं ते म्हणत आणि खरंच तेवढंच असे. नवं तेल ओतल्यावर त्यांनी मला बसवलं. लगेच बघायचं नाही, ते खाली उतरू दे. मग पुस. मग घाल, आवळ शेवटपर्यंत, अर्धी आवळून बघणारा स्वतःलाच फसवतो. आता काढ. काय दिसतं?

मला दोन खाचांच्या मध्ये तेलाची कड दिसली. तसं सांगितलं.

"दोनांच्या मदी खंय? वरच्याक लागान की खालच्याक?"

मी पुन्हा बघितलं. "वरच्याच्या जरा खाली."

"आता कसा," काका म्हणाले.

फिल्टर बदलून, सिलिंडर रिकामे करून, पहिली हवा तशीच सोडून देऊन मग वस्त्राचं दुसरं, कोरं टोक धरलं. ते कोरंच राहिलं. त्यांनी विचारायच्या आधी मी ते दोनदा ओढलं. काका म्हणाले, आता तोंड आसा मां तुका? बोल की.

हे जेवायला आले तेव्हा काका पडवीत झोपाळ्यावर होते. यांनी पानावर बसता बसता मला विचारलं, काकांना काय झालंय? त्यांच्या हातून असं कसं झालं? मी वाढत होते. म्हटलं, त्यांनाच विचारा. हे बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, उद्यापासून मशीन मी बघीन. वय झालं त्यांचं. वसईला मुलगी बोलावतेच आहे, आता जाऊ देत सुखाने. त्यांनीच मला शिकवलंय, तेलात ज्याचा हात चुकला त्याने मशीनपाशी उभं राहायचं नाही. मला ते कठोर वाटले नाहीत. वडिलांना द्यायचा निरोप कोणी आधी घोकून ठेवावा, तसे ते बोलत होते.

झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

यांनी हात धुतला आणि बोटीकडे गेले. मी काकांना सोलकढी नेऊन दिली. हे काय म्हणाले ते ऐकलंत ना, विचारलं.

"कान आसत," काका म्हणाले.

मी घटासमोर बसले, पण मन लागेना. मला सारखं वाटत होतं, यांना नुसतं वय झालं असंच वाटतंय. तसंच वाटू दिलं तर? चुकलं, म्हातारपण, एवढ्यावर गोष्ट मिटते. डोळ्यांचं सांगितलं की मग थोडीशी जी आशा आहे तीही संपली. आंधळ्या माणसाला श्वासाच्या मशीनपाशी कोण बसू देईल?

दिवेलागण झाली. मी तुळशीपाशी निरांजन ठेवलं. किनाऱ्यावरून बोट वर ओढल्याचा, मग बादल्यांनी धुतल्याचा आवाज येत होता. हे एकटेच होते, शीळ घालत नव्हते. काका पडवीच्या पायरीवर येऊन बसले.

मी जवळ गेले. म्हटलं, काका, हवं तर उद्या सांगा. सकाळी मशीन मी बघते, तेल मी बघते. तुम्ही नुसते बसा. कोणाला काही कळणार नाही आणि हवाही चांगली राहील.

मी असं म्हटलं तेव्हा मला ते दयेचंच वाटत होतं.

काका वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही पायरीवर एकमेकांना टेकवून ठेवले. पाय सारवलेल्या खळ्यावर ठेवले आणि बोटं थोडी पसरली.

"उद्या सकाळी तो पाण्यात जातलो, बाय," ते म्हणाले. "खाली गेल्ल्याक म्हायत होया, वर कोण आसा ता. माजे डोळे की तुजे."

मी हात पुढे केला. त्यांना तो दिसला नाही. मी तो मागे घेतला.

"चिमणी घेऊन येऊ बरोबर?"

"कित्याक? वाट उतरणीची आसा. पायांक कळता." मग उभे राहून, टोपी नीट करत, "बूट हंयच ऱ्हवांदेत."

ते खळ्यातून निघाले. तुळशीला वळसा घालून, जिथे यांनी उतार दिला होता तिथे क्षणभर थांबले, पावलाने तो दोनदा दाबून बघितला, जणू सकाळी राहिलेलं आता विचारून घेत होते. मग माडांच्या मधून, हात जरा पुढे धरून, बादलीच्या आवाजाच्या दिशेने चालू लागले.